विश्वामित्रीची २१ मिनिटं आणि बसायला एक बाकडं

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात आपल्या पेपरात वाचकांच्या पत्रांमध्ये एका ज्येष्ठ बडोदेकरांचं पत्र आलं होतं. शहरातल्या एका हॉलमध्ये आर्टच्या मुलामुलींनी व्हिडिओचं प्रदर्शन लावलंय, ते बघायला ते गेले होते, आणि त्यांनी लिहिलं होतं की एका टीव्हीवर नुसतं विश्वामित्री नदीचं पाणी वाहतंय, पाच मिनिटं उभा राहिलो, काहीही घडलं नाही, पाय दुखायला लागले तसा निघून आलो, आणि ही सगळी परदेशाची नक्कल आहे, आपल्या मुलांनी आपलं काहीतरी करावं. पत्र वाचून मला त्यांचा राग नाही आला पण दिवसभर चैन पडेना, कारण तोच व्हिडिओ मी आदल्या रविवारी पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला होता, पूर्ण २१ मिनिटं, आणि त्यात जे घडलं ते मी अजून घरात सगळ्यांना सांगत सुटलोय. म्हणून हे पत्र. लांबलंय थोडं, कापायचं असेल तर कापा, पण शेवटचा बाकड्यांचा मुद्दा ठेवा एवढी विनंती.

आधी मी कोण ते सांगतो. मी कलाकार नाही, फाइन आर्ट्सला शिकलेलो नाही. दांडिया बाजारात माझं दुकान आहे, १९९२ पासून लग्न, मुंज, बारसं, एकसष्टी, वास्तुशांत यांची शूटिंग करतोय, आता बरंचसं काम भाचा बघतो. सुरुवातीला खांद्यावर व्हीएचएसचा जड कॅमेरा, मागे हॅलोजन धरून एक पोरगा, त्याच्या मागे वायर सांभाळणारा दुसरा, आणि घरी रात्री दोन व्हीसीआर एकमेकांना जोडून एका कॅसेटवरून दुसऱ्या कॅसेटवर एडिटिंग. नंतर मिनी डीव्ही आलं, कॉम्प्युटर आला, कॅप्चर कार्ड आलं, आता तर कॅसेट कशी दिसते तेही नवीन पोरांना माहीत नाही. पण तीस वर्षं मी एक काम रोज केलंय, माणसं हलताना बघणं, आणि मग तेच हलणं पुढे मागे करून परत परत बघणं. त्यामुळे या विषयावर दोन शब्द बोलायचा मला थोडा हक्क आहे असं मला वाटतं.

लग्नातला एक क्षण घ्या. मंगलाष्टकं संपतात, तदेव लग्नं होतं, वाजंत्री सुरू, अंतरपाट बाजूला ओढला जातो आणि वरून अक्षता. सगळं मिळून दोन सेकंदं. मांडवात पाचशे माणसं असतात आणि पाचशेच्या पाचशे सांगतील की आम्ही बघितलं, मुलीने वर बघितलं आणि हार घातला. पण एडिटिंगला बसून तेच एकेक फ्रेम, म्हणजे एकेक स्थिर चित्र, पुढे सरकवत बघितलं की वेगळंच दिसतं. मुलगी खाली बघत असते ती वर बघते, आणि बऱ्याच जणींचे डोळे आधी नवऱ्या मुलाकडे जातच नाहीत, आधी बाजूला जातात, आई किंवा वडील जिथे उभे असतील तिथे, आणि मग मुलाकडे. पाच-सहा फ्रेमचा खेळ आहे, म्हणजे पाव सेकंद. सगळ्याच मुली करतात असं नाही म्हणणार, पण मी इतक्या वेळा बघितलंय की आता अंतरपाट धरला की माझं लक्ष आई-वडील कुठे उभे आहेत तिकडे आधी जातं. मांडवातल्या एकालाही ते दिसलेलं नसतं. खुद्द त्या मुलीलाही माहीत नसतं. एकदा एका मुलीच्या वडिलांना मी दुकानात बसवून ते दाखवलं होतं, ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले परत एकदा लावा.

दुसरी एक गोष्ट, जरा टेक्निकल आहे पण सांगतो कारण याच्याशी थेट संबंध आहे. मिनी डीव्हीच्या काळात क्लिप पॉज केली की टीव्ही मॉनिटरवर चित्र थरथरायचं. गिऱ्हाईक विचारायचं, दादा कॅसेट खराब आहे का? कॅसेट चांगली असायची. आपल्याकडची टीव्हीची जी पाल सिस्टिम होती तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम, आणि प्रत्येक फ्रेम दोन हप्त्यांत, आधी एकाआड एक ओळी आणि मग सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर मधल्या राहिलेल्या ओळी. त्यामुळे हलणारी वस्तू एकाच फ्रेममध्ये दोन जागी असायची. मुलीच्या कपाळाजवळ तांदळाचा एक दाणा, आणि तोच दाणा बोटभर खाली परत. मुंडावळ्या दुहेरी, हार घालणारे हात दुहेरी, पण मागे स्तब्ध उभा असलेला मामा मात्र एकच. म्हणजे बघा, चित्र एक आणि त्याच्यात वेळ दोन, आणि जे हलतंय तेवढंच दोनदा दिसतं, जे थांबलंय ते एकदा. मी तेव्हा याला कटकट समजायचो आणि सॉफ्टवेअरमध्ये काढून टाकायचो, इतकी वर्षं डोळ्यासमोर होतं पण याच्याकडे असं बघायचं असतं हे मला कोणी सांगितलंच नाही, ते या मुलांच्या प्रदर्शनात जाऊन कळलं.

आता तो नदीचा व्हिडिओ. काळा घोडा पुलाजवळून घेतलेला आहे, हिवाळ्यातलं पाणी, कॅमेरा ट्रायपॉडवर, जरासुद्धा हलत नाही, आवाज नाही. पाणी डावीकडून उजवीकडे. पहिली दोन-तीन मिनिटं मलाही काही कळेना. मग माझं मन करायला लागलं ते प्रत्येक बडोदेकराचं मन करेल, मगर शोधायला लागलं, कारण विश्वामित्रीत मगरी राहतात. आपण त्या पुलावरून जाताना आपोआप खाली बघतोच ना, दिसतेय का म्हणून. चौथ्या-पाचव्या मिनिटाला डाव्या कोपऱ्यातून एक लांबट काळं काहीतरी पाण्यावर आलं. लाकूड असावं. पण पाण्याच्या वेगाने जात नव्हतं, थोडं मागे राहत होतं, मग वाटलं मगरच, मग परत लाकूड, आणि ते पलीकडे जाईपर्यंत मी खांबाला टेकलेला होतो तो सरळ उभा राहिलो होतो. काय होतं ते शेवटपर्यंत कळलं नाही. पण त्यानंतर माझी नजर बदलली, फेस कुठे जमतो, भोवरा कुठे फिरतो, पुलाची सावली पाण्यावर कशी तुटते आणि परत जोडली जाते, हे सगळं दिसायला लागलं, जे आधीपासून तिथे होतंच.

आणि मग बाराव्या-तेराव्या मिनिटाला एक बगळा आला. काठावरून उडाला आणि मला एकदम चुकल्यासारखं वाटलं, पंख जड, जसं काही तो पाण्यातच उडतोय. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की व्हिडिओ स्लो मोशनमध्ये चाललाय! कधीपासून? माहीत नाही. तीस वर्षं हेच काम केलेल्या माणसाला पत्ता लागला नाही. नंतर ती मुलगी भेटली, व्हिडिओ केलेली, तिला विचारलं तर म्हणाली काका, सातव्या मिनिटापासून वेग कमी करत नेलाय, इतका हळू की कुठेही सांधा दिसू नये, आणि शेवटी वेग पाव राहतो. शूटिंग सेकंदाला १०० फ्रेमनी केलेलं म्हणून झटके येत नाहीत, नाहीतर २५ फ्रेमचं शूटिंग चारपट स्लो केलं तर एकच फ्रेम चार-चार वेळा दाखवावी लागते आणि पाणी अडखळत चालतं, हे माझ्या लाइनमधल्या कोणालाही विचारा. म्हणजे पंधरा-सोळा मिनिटांची नदी तिने २१ मिनिटांत बसवली होती. पाण्याकडे बघून वेग कळत नाही कारण पाण्याला ठरलेली चाल नसते, ते हळूही वाहतं जोरातही वाहतं, पण बगळ्याच्या पंखाची चाल आपल्याला लहानपणापासून पाठ असते, म्हणून पंख बघितल्यावर कळतं. हे तिने मुद्दाम केलं होतं. ते जे गृहस्थ पाच मिनिटांत निघाले, ते ही गोष्ट सुरू व्हायच्या दोन मिनिटं आधी निघाले, हे मला त्यांना अगदी कळकळीने सांगायचंय.

अजून एक घडलं. व्हिडिओ संपला, स्क्रीन काळी झाली, मी खाली फरशीकडे बघितलं तर फरशा उजवीकडून डावीकडे सरकायला लागल्या. चक्कर नव्हती, खांब जागेवर होता, मी जागेवर होतो, पण फरशा सरकत होत्या आणि तरी जागच्या हलत नव्हत्या. दहा-बारा सेकंदांनी थांबलं. घरी येऊन वाचलं तर याला वॉटरफॉल इल्युजन म्हणतात, १८३४ साली रॉबर्ट अ‍ॅडम्स नावाच्या माणसाने स्कॉटलंडमधल्या फॉयर्सच्या धबधब्याकडे बराच वेळ बघून मग शेजारच्या खडकाकडे बघितलं तर खडक वर चढायला लागला, त्याने ते लिहून ठेवलंय. आपल्या मेंदूत उजवीकडे जाणारं ओळखणाऱ्या पेशी वेगळ्या, डावीकडे जाणारं ओळखणाऱ्या वेगळ्या, आणि एकाच दिशेचं हलणं बराच वेळ बघितलं की त्या दिशेच्या थकतात, मग स्थिर वस्तू बघितली तरी पारडं उलट्या बाजूला झुकतं. शाळेत आपल्याला सांगतात की दृष्टिसातत्यामुळे सिनेमा हलताना दिसतो, डोळ्यात आधीचं चित्र रेंगाळतं वगैरे, पण गोष्ट तेवढी सोपी नाही, १९१२ साली मॅक्स वर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने दाखवलं की दोन स्थिर रेघा ठरावीक वेळेच्या अंतराने एकापाठोपाठ एक दाखवल्या तर माणसाला एकच रेघ सरकताना दिसते, आणि अंतर बरोबर जमलं तर रेघसुद्धा दिसत नाही, नुसतं सरकणं दिसतं. म्हणजे हालचाल कॅसेटवर नसते, ती बघणारा करतो. मी आयुष्यभर लोकांना लग्नाची कॅसेट विकली आणि त्यात एकही हलणारी गोष्ट नव्हती, सगळी सेकंदाला २५ स्थिर चित्रं, हलवायचं काम घरोघरी सोफ्यावर बसलेली माणसं करत होती. हे मला या वयात कळलं आणि फार आनंद झाला.

आता परदेशाची नक्कल हा मुद्दा. याचं उत्तर द्यायला मला लांब जायची गरज नाही, माझ्या दुकानातून चालत कला भवनापर्यंत जायचं. सयाजीराव महाराजांनी १८९० मध्ये कला भवन सुरू केलं, आणि तिथे शिकून गेलेल्या मुलांमध्ये एक होते धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब. फोटोग्राफीचं शिक्षण त्यांनी इथे घेतलं. राजा हरिश्चंद्र सगळ्यांना माहीत आहे, १९१३. पण त्याच्या आधी, १९१२ मध्ये, लंडनहून कॅमेरा आणल्यावर त्यांनी जी फिल्म केली ती होती अंकुराची वाढ. कुंडीत वाटाण्याचे दाणे लावले, कॅमेरा समोर एका जागी पक्का केला आणि दिवसामागून दिवस थोडं थोडं शूट करत राहिले. मग चालवलं तर मातीतून कोंब वर आला, वाढला, पानं फुटली, वेल झाला, बघता बघता, लोकांच्या डोळ्यासमोर. ते दाखवून त्यांनी पुढच्या सिनेमासाठी पैसा उभा केला. ना गोष्ट, ना नट, ना गाणं, एक कुंडी आणि वेळ! माझ्या मते ही आपल्याकडची पहिली अशी फिल्म जिचा विषयच वेळ आहे. आणि योगायोग बघा, वर्टहायमरचं १९१२ आणि फाळक्यांचा वाटाणाही १९१२. फाळक्यांनी दिवसच्या दिवस चिमटीत धरले, या मुलीने काही मिनिटं ताणून लांब केली, धंदा एकच आहे, आणि तो करणारा माणूस ज्या गावात फोटोग्राफी शिकला त्याच गावातली ही मुलगी आहे. तेव्हा ही नक्कल कोणाची? असलीच तर घरचीच.

बाहेरच्यांनीही केलंय आणि ते नाकारायचं कारण नाही. साठच्या दशकाच्या शेवटी सोनीचा पोर्टापॅक आला, एका माणसाला उचलून नेता येईल असा कॅमेरा आणि रेकॉर्डर, आणि मुख्य म्हणजे फिल्मसारखं लॅबमध्ये धुवायला न पाठवता लगेच दिसणारं चित्र. तिथून व्हिडिओ आर्टने खरा जोर धरला. अमेरिकेचे व्हिडिओ कलाकार बिल व्हायोला होते, २०२४ मध्ये वारले, त्यांचं १९९५ चं द ग्रीटिंग नावाचं काम आहे, रस्त्यात तीन बायका भेटतात, एवढंच, ४५ सेकंदांची भेट त्यांनी ताणून दहा मिनिटांची केली. मी ते फक्त मोबाइलवर तुकड्यातुकड्यात बघितलंय पण मला ते बघताना अंतरपाटच आठवला, तेच डोळे आधी तिकडे मग इकडे. स्कॉटलंडच्या डग्लस गॉर्डननी १९९३ मध्ये हिचकॉकचा सायको हा सिनेमा पूर्ण २४ तास चालेल इतका हळू केला, सेकंदाला साधारण दोन फ्रेम. यातलं मला स्वतःला ओढ लावणारं काम मात्र अमेरिकेच्याच डॅन ग्रॅहम या कलाकाराचं १९७४ चं. एक खोली, दोन भिंतींना आरसे, एक कॅमेरा आणि एक मॉनिटर, पण मॉनिटरवर तुम्ही आत्ताचे दिसत नाही, आठ सेकंदांपूर्वीचे दिसता. आरशात आत्ताचे तुम्ही, मॉनिटरवर आठ सेकंद आधीचे, आणि कॅमेऱ्याला समोरच्या आरशातला मॉनिटरही दिसतो म्हणून त्या चित्राच्या आत सोळा सेकंद आधीचे, असं आत आत.

हे कठीण वाटत असेल तर कुठल्याही रिसेप्शनला जा. आता सगळीकडे स्टेजच्या बाजूला मोठी एलईडी स्क्रीन लावतात आणि आमचा कॅमेरा लाइव्ह जोडलेला असतो, त्यात जरासा उशीर असतो, अर्ध्या सेकंदाच्या आत-बाहेर. मोठ्या माणसांच्या लक्षात येत नाही. पण लहान मुलं कॅमेऱ्यासमोर येतात, हात हलवतात, स्क्रीनकडे बघतात, थांबतात, स्क्रीनवरचा हात हलला की मग हसतात, आणि परत हात हलवतात. मी एका मुलीला, असेल चार-पाच वर्षांची, जेवण सोडून अर्धा तास हे करताना बघितलंय. स्क्रीनवरच्या मुलीला फसवायचा प्रयत्न करत होती, हात वर नेते असं दाखवून एकदम खाली. तिला कोणी सांगितलं नव्हतं की याला आर्ट म्हणतात. आणि आपल्या देशातही हे आजचं नाही, चित्रकार अकबर पदमसींनी १९६९ मध्ये मुंबईत व्हिजन एक्सचेंज वर्कशॉप चालवलं होतं, त्यात चित्रकार लोकांनी कॅमेरा हातात घेऊन प्रयोग केले, चित्रकार नलिनी मालानींचे सुरुवातीचे फिल्मचे प्रयोग तिथलेच.

आता मला जे मनाला लागलंय ते. २०२४ च्या ऑगस्टमध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा अकोट्यात माझ्या घरात तळमजल्यावर पाणी होतं. खालच्या फळीवर जुन्या कॅसेट होत्या, मास्टर कॅसेट, लोकांच्या लग्नाच्या, त्या गेल्या, टेपला चिखल आणि बुरशी लागली की ती हेडवर लावायच्या लायकीची राहत नाही. त्या दिवसांत आपण सगळ्यांनी नदी बघितली म्हणतो, पण खरं सांगा काय बघितलं? मोबाइलवर आकडा बघितला. काळा घोडा पुलापाशी पाणी किती फूट, तासापूर्वी किती होतं, आजवा धरणातून किती सोडलं. मी वरच्या मजल्यावर बसून चार दिवस आकडाच बघत होतो, आणि तेव्हापासून त्या पुलावरून जाताना मी नदीकडे बघायचं सोडलं होतं. या मुलीच्या व्हिडिओसमोर मी त्यानंतर पहिल्यांदा त्या पाण्याकडे एवढा वेळ बघितलं. तेराव्या मिनिटानंतर, ते हळू होत गेल्यावर, मला त्याची भीती वाटेनाशी झाली. तिला हे सांगितलं तर तिचे डोळे भरले, तिच्या आजीचं घरही तेव्हा पाण्यात होतं. म्हणून कोणी काहीच घडलं नाही असं लिहिलं की मला गप्प बसवत नाही.

पण त्या गृहस्थांचा एक मुद्दा शंभर टक्के खरा आहे आणि त्यासाठीच मुख्यतः हे पत्र लिहितोय. पाय दुखले. दुखणारच! त्या हॉलमध्ये बसायला एक खुर्ची नव्हती. टीव्ही भिंतीवर इतका उंच की मान वर करून बघायचं, वर ट्यूबलाइट चालू, काळ्या पाण्यावर ट्यूबची पांढरी रेघ, आणि शेजारच्या व्हिडिओतल्या मशीनचा खडखडाट चालूच. खाली पाटीवर व्हिडिओचं नाव, मुलीचं नाव, वर्ष. किती मिनिटांचा आहे ते नाही, कधी सुरू होतो ते नाही. मी उभा होतो त्या २१ मिनिटांत अकरा जण त्या टीव्हीसमोर आले, नऊ जण चालता चालताच पुढे गेले, एक बाई दोन मिनिटं थांबल्या, आणि एक कॉलेजचा मुलगा माझ्याकडे बघून थांबला कारण हा माणूस एवढं काय बघतोय असं त्याला वाटलं असणार. मला परत एकदा सुरुवातीपासून बघायचं होतं तर तिथला भाऊ येऊन म्हणाला, काका, हवे बंध करवानुं छे, जेवायची सुट्टी, आणि त्याने रिमोटने टीव्ही बंद केला. त्याचा दोष नाही, त्याला कोणी सांगितलेलंच नाही की मधेच बंद करायची ही गोष्ट नाही. नाटक अर्ध्यात पडदा पाडून कोणी बंद करतं का? गाण्याच्या बैठकीत आलापी चालू असताना कोणी म्हणतं का की पाच मिनिटं झाली अजून बंदिश आली नाही, चला? तिथे आपण मांडी घालून बसतो कारण तिथे सतरंजी घातलेली असते. ज्यांनी घातली त्यांना माहीत असतं की लोक बसणार आहेत.

भिंतीवरचं चित्र माणूस आपल्या वेळेने बघतो, पाच सेकंद बघा नाहीतर तासभर. व्हिडिओ तसा नाही, तो स्वतःची वेळ घेऊन येतो, आणि ती वेळ द्यायची सोय जर हॉलने केली नाही तर मग लोक नावं ठेवतात ती त्या मुलांना. मुलं वर्षभर राबलेली असतात. त्या मुलीने हिवाळ्यात सतरा सकाळी पुलावर काढल्या होत्या, त्यातली एक सकाळ वापरली.

म्हणून शहरात जिथे जिथे अशी प्रदर्शनं लागतात तिथल्या सगळ्यांना हात जोडून विनंती, नाव कोणाचं घेत नाही, की प्रत्येक व्हिडिओसमोर बसायला काहीतरी ठेवा, पाट ठेवा नाहीतर सतरंजी टाका. पाटीवर मिनिटं लिहा, मराठीत, गुजरातीत, दोन्हीत. लांब व्हिडिओ असेल तर सुरू व्हायच्या वेळा लिहा, साडेदहा, अकरा, साडेअकरा, थेटरमध्ये लिहितात तशा. त्याच्या वरची ट्यूब काढा. आवाजाचे दोन व्हिडिओ एका खोलीत नको, हेडफोन ठेवा, आता तर दोनशे-तीनशे रुपयांत मिळतात. आणि संपादकसाहेब, आपल्या पेपरालाही एक विनंती, अशा प्रदर्शनाची बातमी येते तेव्हा दीपप्रज्वलन कोणी केलं आणि श्रीफळ कोणाला दिलं एवढंच छापून येतं, त्याच्या जोडीला कुठला व्हिडिओ किती मिनिटांचा आहे आणि किती वाजता गेलं तर पहिल्यापासून बघायला मिळेल हे दोन ओळीत द्या, लोक वेळ काढून येतील. आपल्या शहरात लोक नवरात्रात नऊ रात्री एकाच गोलात फिरणारी माणसं बघत बसतात, त्यांना कंटाळा येत नाही, तेव्हा बडोदेकरांना धीर नाही असं मला कोणी सांगू नये.

ज्या गृहस्थांनी ते पत्र लिहिलं त्यांना मी मनापासून सांगतो, प्रदर्शन अजून या रविवारपर्यंत आहे, तुम्ही परत या, मी शनिवारी आणि रविवारी दोन्ही दिवस सकाळी साडेदहाला तिथे असेन, आपण दोघं शेजारी बसून पहिल्यापासून बघू, आणि ते लांबट काळं जे वाहत येतं ते मगर आहे की लाकूड हे मला तुमच्याकडूनही ऐकायचंय.

बसायची सोय मी करतो. माझ्या दुकानात दोन लाकडी बाकडी आहेत, पूर्वी गिऱ्हाईक कॅसेट बघायला बसायचं ती, पुराच्या वेळी घरी ठेवलेली होती म्हणून भिजली, पण उन्हात वाळवून परत पॉलिश केलीत, एकेका बाकड्यावर चार जण आरामात बसतात. हॉलवाल्यांनी हो म्हटलं तर शुक्रवारी संध्याकाळी टेम्पोने पाठवतो, प्रदर्शन संपलं तरी परत द्यायची घाई नाही.

आपला,
एक जुना शूटिंगवाला
दांडिया बाजार, बडोदे